भावाच्या एमआरआयमध्ये "जंताची गाठ" आली, मग पाठीतलं पाणी कशाला काढायचं?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

धाकटा भाऊ, वय २४, चाकणला कंपनीत आहे, रूमवर चौघं राहतात. मागच्या सोमवारी पहाटे त्याला फिट आली. आयुष्यात पहिल्यांदा. पोरांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, एकानं तोंडात चमचा घातला (त्यापायी दाताचा टवका उडाला), दोनेक मिनिटांत फिट थांबली पण पुढे अर्धा तास हा कुणाला ओळखत नव्हता. ॲडमिट केलं, एमआरआय काढला. रिपोर्ट असा की डाव्या बाजूला ९ मिमीची रिंगसारखी गाठ, भोवती थोडी सूज, आणि खाली दोन नावं, न्यूरोसिस्टिसर्कोसिस किंवा ट्युबरक्युलोमा, "क्लिनिकली कोरिलेट करा". आता हे कोरिलेट नेमकं कुणी करायचं ते कुणी सांगेना.

राउंडच्या डॉक्टरनी उभ्या उभ्या सांगितलं की डुकराच्या जंताची गाठ वाटतेय. आमची आई माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, ती ऐकूनच खाली बसली. आणि दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले पाठीतलं पाणी काढून तपासू. आत्या म्हणते अजिबात सही करू नका, त्यांच्या गावात एकाला पाठीत सुई टोचली आणि पाय गेले. मी सही अडवून धरलीय आणि रात्रभर झोप नाही.

मला एवढंच विचारायचंय की एमआरआयमध्ये गाठ दिसलीच आहे तर पाण्यात वेगळं काय दिसणार, जंत पाण्यात सापडतो का, नाही सापडला तर परत काढणार का, आणि पायांचं खरं आहे का. शिवाय भावाला शाळेत दरवर्षी जंताची गोळी दिली होती, मग हा जंत राहिला कसा?

कडूनिंब
मी मेडिसिनवाला आहे, न्यूरोचा नाही, आणि फिल्म न बघता बोलतोय, त्यामुळे हे सगळं तुमच्या डॉक्टरना चार प्रश्न नीट विचारता यावेत एवढ्यापुरतंच घ्या. आणि चमचा परत कधी नाही. कुशीवर करायचं, घड्याळ बघायचं, बस्स.

जवळजवळ प्रत्येक नातेवाईक समजतो की पाणी काढतात ते त्यात जंत शोधायला. तो जंत पाण्यात पोहत नसतो हो. ती जंताची अळी आहे, मेंदूच्या मांसात रुतून बसलेली, तिच्याभोवती शरीरानं सूज आणलीय आणि तीच रिंग फिल्मवर दिसते. मेंदूभोवतीचंच पाणी पाठीत उतरलेलं असतं, पण त्याच्याशी तिचा संबंध येईलच असं नाही. म्हणून अशा एकट्या गाठीत पाण्याचा रिपोर्ट बहुतेक नॉर्मल येतो, फार तर दहा-वीस पेशी जास्त. नुसत्या जंतासाठी असेल तर मी पाणी काढायला सांगणार नाही.

मग तुमच्या मोठ्या डॉक्टरनी का सांगितलं? दोन गोष्टी सांगा. फिटच्या आधी काही आठवडे ताप, डोकेदुखी, वजन उतरणं असलं काही होतं का? आणि घरात कुणाला टीबी?

भीमाकाठ
डॉक्टर, तुम्ही बरोबर तेच विचारलंत. ताप होता, पंधरा-वीस दिवस संध्याकाळचा बारीक ताप, तो म्हणायचा शिफ्टमुळे. वजन तीन किलो कमी. आणि आजोबांना गेल्या वर्षी फुप्फुसाचा टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स केला, भाऊ तेव्हा घरीच होता. हे आम्ही ॲडमिशनच्या वेळी सांगितलं होतं पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

कडूनिंब
हेच ते कोरिलेट. पाणी जंतासाठी काढत नाहीयेत, टीबीसाठी काढतायत.

रिपोर्टमधल्या या दोन गाठींचा, जंताची (न्यूरोसिस्टिसर्कोसिस) की टीबीची (ट्युबरक्युलोमा), घोळ आपल्या देशात जुना आहे. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन नवीन आला तेव्हा फिट आलेल्या तरुण पोरांच्या मेंदूत अशा छोट्या रिंगा दिसायला लागल्या, आणि सरसकट टीबी समजून एकेटी (टीबीची औषधं) सुरू व्हायची. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन केला की गाठ गायब, सगळे खूश की औषध लागू पडलं. मग वेल्लोरच्या सीएमसीमध्ये चंडी आणि राजशेखर यांच्या टीमनी यातल्या काही गाठी काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्या, तर बहुतेक सिस्टिसर्कस, म्हणजे जंताच्या अळ्या, निघाले. म्हणजे गाठ आपली आपण विरत होती आणि श्रेय एकेटीला. तेव्हापासून आपल्याकडचा आडाखा असा की गाठ एकच, २० मिमीच्या आत, मेंदू एका बाजूला ढकललेला नाही, हातापायाची ताकद शाबूत, तर कल जंताकडे. टीबीची गाठ बहुतेक वेळा मोठी, वेडीवाकडी, जास्त सूज असलेली. तुमची ९ मिमी म्हणजे कल जंताकडेच. पण बारीक ताप आणि घरात टीबी असताना मीसुद्धा नुसत्या आडाख्यावर निवांत बसणार नाही, कारण जंताच्या गाठीला आपण सूज उतरवायला स्टेरॉइड देतो आणि आत टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) असेल तर एकेटीशिवाय दिलेलं स्टेरॉइड चार दिवस बरं वाटायला लावून नंतर बुडवतं.

आता पाय जाण्याचं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जाते, तिथे नुसत्या नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात आणि सुई आली की बाजूला सरकतात. आत्याबाईंना विचारा, घरात कुणाचं सिझेरियन झालंय का. तेव्हा पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं ना, तीच जागा. पाणी अंगात साधारण १५० मिली असतं आणि रोज जवळपास अर्धा लिटर नवीन तयार होतं, म्हणजे १० मिली काढलं तर अर्ध्या तासात भरून निघतं.

खरा धोका वेगळा आहे आणि तो मात्र विचाराच. डोक्यात दाब फार वाढलेला असेल, जंताची पिशवी पाण्याच्या वाटेत अडकून मेंदूत पाणी तुंबलं असेल किंवा मोठी गाठ मेंदूला ढकलत असेल, तर खालून पाणी काढणं जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी स्कॅन, मग सुई. तुमचा स्कॅन झालेला आहे आणि त्यात तसं काही लिहिलेलं दिसत नाही.

शाळेतली गोळी म्हणजे ४०० मिलिग्रॅमचा एक डोस, तो आतड्यातल्या गोल जंतांसाठी. मेंदूतल्या अळीला तेच अल्बेंडाझोल लागतं पण वजनानुसार, किलोमागे १५ मिलिग्रॅम रोज, दहा ते चौदा दिवस, आणि स्टेरॉइडच्या पांघरुणाखाली. दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका, अळी मरताना सूज वाढते आणि फिट परत येऊ शकते.

लॅबवाली_मावशी
कडूनिंब यांनी छान सांगितलंय, मी फक्त आमच्या खिडकीच्या आतलं सांगते. २२ वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहे, पाठीतलं पाणी किती पाहिलं त्याची गणती नाही.

चांगलं पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ दिसतं, बल्बमागे (बल्ब म्हणजे सॅम्पलची छोटी बाटली) छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. गढूळ आलं की आम्ही हातातलं काम टाकतो. तीन बल्ब भरतात, पहिल्यात सुईनं निघालेलं रक्त असू शकतं म्हणून पेशी शेवटच्या बल्बमधल्या मोजायच्या. मोठ्या माणसात ५ पर्यंत पेशी ठीक, प्रोटीन साधारण १५ ते ४५, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, म्हणून त्याच वेळी बोटातून किंवा हातातून रक्ताचीही साखर घ्यायला सांगा नाहीतर पाण्यातल्या साखरेचा अर्थच लागत नाही आणि हे दहातल्या चार वेळा राहून जातं. टीबीसाठी जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) लावणार असतील तर पाणी जरा जास्त लागतं, ६ मिली तरी, कारण त्यात जंतू मोजकेच असतात आणि दोन थेंबात ते सापडायचे नाहीत. तेव्हा "एवढं का काढलं" म्हणून भांडू नका. आणि बल्ब हातात दिले तर सरळ लॅबमध्ये या. खिशात बल्ब टाकून खाली चहा-वडापाव खाऊन तासानं आलेले नातेवाईक मी पाहिलेत, तोवर पेशी फुटायला लागलेल्या असतात आणि मग रिपोर्टमध्ये दोष आमचा.

अजून एक. फॉर्मवर नुसतं "सीएसएफ रूटीन" खरडलेलं असतं (सीएसएफ म्हणजे हेच पाणी). जंताचा संशय असेल तर डॉक्टरना तसं लिहायला सांगा. का, तर परजीवीच्या आजारात इओसिनोफिल नावाच्या पेशी पाण्यात येऊ शकतात आणि साध्या चेंबरमध्ये मोजताना त्या इतर पांढऱ्या पेशींत मिसळून जातात, जिम्साचा रंग दिल्यावरच लालसर दाणे उठून दिसतात. घन मिमीला १० किंवा एकूण पांढऱ्या पेशींच्या १० टक्के झाल्या की त्याला इओसिनोफिलिक मेनिंजायटिस म्हणतात. तुमच्या भावाच्या गाठीत त्या दिसतील असं नाही, पण उंदराच्या फुप्फुसातला जो जंत गोगलगायींमधून माणसात येतो त्याच्या पेशंटमध्ये भरपूर दिसतात. केरळातून अशा केसेस छापून आल्यात, त्यातल्या काहींनी औषध म्हणून घोरपडीचं कच्चं खाल्लेलं. (घोरपड मारणं गुन्हा आहे ते वेगळंच.) गंमत म्हणजे त्या आजारात पाणी काढलं की डोकेदुखीला तात्पुरता उतार पडतो, तपासणी हाच उपचार.

आणि जिथे पाण्यात खरंच जीव हलताना दिसतो तो आजार म्हणजे तो अमिबा, नेग्लेरिया, केरळमुळे आता सगळ्यांना माहीत झालेला. डबक्यातलं, तळ्यातलं कोमट पाणी नाकात गेलं की तो वासाच्या नसेवाटे मेंदूत जातो. रिपोर्ट हुबेहूब बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिससारखा येतो, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, साखर कमी, प्रोटीन जास्त, पण ग्राम स्टेनवर (बॅक्टेरिया दाखवणाऱ्या रंगावर) काही नाही. तिथे ताज्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून लगेच बघावं लागतं, तो सरपटताना दिसतो. सॅम्पल फ्रीजमध्ये ठेवलं की गेलं, थंडीनं तो गप्प होतो आणि मग पांढरी पेशी समजून सोडून दिला जातो. २०२४ मध्ये कोझिकोडचा १४ वर्षांचा मुलगा यातून वाचला, भारतात पहिलाच म्हणून बातम्या आल्या, लवकर ओळखलं गेलं आणि मिल्टेफोसिन हे औषध मिळालं म्हणून. हे तुमच्या भावाला लागू नाही, घाबरू नका, पण "पाण्यात काय दिसतं" विचारलंत म्हणून सांगितलं. आजाराप्रमाणे पाण्याची बोली बदलते.

उंटावरचा_शहाणा
माझं २०१९ मध्ये काढलंय, कारण वेगळं होतं. कुशीवर झोपवून गुडघे छातीला आणि हनुवटी गुडघ्याला लावायला लावतात, माझं पोट मध्ये येत होतं तर डॉक्टर म्हणाले अजून वाका, म्हटलं साहेब याच्यापेक्षा वाकलो असतो तर योगासनाचे क्लास काढले असते. भुलीचं इंजेक्शन चावतं, नंतर नुसता दाब. एकदा डाव्या पायात करंट गेल्यासारखं झालं आणि मी किंचाळलो, ते म्हणाले काही नाही, नसेला सुई शिवली. वीस मिनिटांत खेळ खलास.

खरा त्रास दोन दिवसांनी. उठून बसलं की डोकं असं दुखायचं की भिंत धरावी, आडवं झालं की गायब. चार-पाच दिवसांत गेलं. मला तर बिनउशीचं चोवीस तास सपाट झोपवलं होतं तरी झालं.

कडूनिंब
सपाट झोपवल्यानं ती डोकेदुखी टळत नाही असंच अभ्यासात दिसलंय, जुनी रीत चालू आहे इतकंच. फरक सुईनं पडतो. टोक बोथट असलेली बारीक सुई वापरली तर पडद्याला भोक लहान पडतं आणि पाणी कमी झिरपतं. "ॲट्रॉमॅटिक सुई आहे का" विचारून बघा, नसेल तर बाहेरून आणता येते.

सात्विक_आहार
माझ्या माहितीप्रमाणे हे कोबीमुळे होतं. कोबीतली अळी शिजवली तरी मरत नाही आणि कानातून मेंदूत जाते. आमच्या घरी दोन वर्षं कोबी बंद आहे. कुणाला व्हिडिओ हवा असेल तर पाठवतो.

लॅबवाली_मावशी
अहो सात्विक, व्हिडिओ ठेवा बाजूला. कोबीतली हिरवी अळी फुलपाखराची, तिचा आणि याचा काडीचा संबंध नाही, आणि कानातून मेंदूत काही जात नाही. हा पट्टकृमी. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर तो आतड्यात वाढतो, काही मीटर लांब. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, डोळ्याला न दिसणारी. ती अंडी ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठ. म्हणजे ज्यानं डुक्कर खाल्लं तो वेगळा आणि ज्याला फिट आली तो वेगळा असू शकतो. मेसमध्ये पोळ्या लाटणारा हात न धुता आला किंवा सांडपाण्यावर पिकलेली कोथिंबीर न धुता वर भुरभुरली तरी पुरे. कोबी शिजवला की अंडी मरतात, कच्चा खायचा तर पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा.

भीमाकाठ, आईंना सांगा माळ शाबूत आहे. पोरानं काही खाल्लेलं नाही, दुसऱ्याच्या न धुतलेल्या हातानं दिलंय.

वैनगंगेचा_पाहुणा
थोडं अवांतर. पाठीतलं पाणी आणि परजीवी म्हटलं की आम्हा चंद्रपूरवाल्यांना २००४ ची केस आठवते. आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला राहून राहून ताप येत होता आणि रक्तात ट्रिपॅनोसोमा दिसला, आफ्रिकेत झोपेचा आजार करणाऱ्याचा भाऊबंद, पण हा जनावरांना सर्रा नावाचा रोग करणारा, माणसाला होतच नाही असं समजायचे. आता औषध कुठलं द्यायचं हे ठरलं पाठीतल्या पाण्यावर! सुरामिन हे औषध मेंदूत पोचत नाही, त्यामुळे परजीवी तिथे गेलाय का हे बघणं भाग होतं. पाण्यात सापडला नाही, सुरामिन दिलं, माणूस बरा झाला. नंतर कळलं की या परजीवीला मारणारं जे प्रोटीन सगळ्यांच्या रक्तात असतं, एपीओएल-१, ते याच्या रक्तात नव्हतंच. २००६ मध्ये मोठ्या जर्नलात छापून आलं. आमच्याकडच्या गुराढोरांच्या डॉक्टरना अजून विचारा, ते छाती फुगवून सांगतात.

भीमाकाठ
सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. सही केली. आत्याला सिझेरियनचं विचारलं तर म्हणाली तेव्हापासूनच सुनेची कंबर दुखतेय. तिच्यापुढे हात टेकले.

पाणी काढलं, पाय जागेवर आहेत, डोकं दीड दिवस दुखलं. बल्ब मी स्वतः पळत नेले, मावशी. रिपोर्ट : पेशी ३, सगळ्या लिम्फोसाइट, प्रोटीन ३६, साखर ६१ (रक्तात ९४), एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) २, जीनएक्सपर्टमध्ये टीबी नाही, इओसिनोफिल नाहीत. छातीचा फोटोही साफ. मग मी म्हटलं म्हणजे टीबी नाही हे नक्की, तर डॉक्टर म्हणाले इतकं नक्की नाही म्हणता येत. मग काढलं कशाला??

कडूनिंब
बरोबर बोलले ते. पाणी नॉर्मल आलं म्हणजे मेंदूच्या आवरणाला टीबी नाही, हे बऱ्याच भरवशानं म्हणता येतं. पण टीबीची एकटी गाठही मांसातच रुतलेली असते आणि तिचंही पाणी नॉर्मल येऊ शकतं, जंताच्या गाठीसारखंच. म्हणजे पाण्यानं मोठा धोका बाजूला केला, गाठीचं नाव काही सांगितलं नाही. नाव सांगणार फिल्म आणि वेळ. रिंगच्या आत एका कडेला टिंब दिसतं का हे रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा, ते अळीचं डोकं असतं, दिसलं तर विषय संपला.

रक्तातली सिस्टिसर्कस टेस्ट सुचवली तर ईआयटीबी आहे की एलायझा (त्या टेस्टच्या दोन पद्धती) ते विचारा. ईआयटीबी जास्त भरवशाची आणि ती पाण्यापेक्षा रक्तात बरी चालते. पण गाठ एकच असली की तीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून जंत नाही असं समजू नका. एलायझावर मी तरी पैसे घालणार नाही. पाण्यातली जंताची तपासणी खरी कामाची कधी, तर पिशव्या मेंदूच्या बाहेरच्या पाण्यात द्राक्षाच्या घडासारख्या वाढतात तेव्हा. तिथे पेशी, प्रोटीन वाढतात, साखर घसरते, आणि वर्षभर औषध चालू असताना पाण्यातल्या अँटिजेनवरून (जंताच्या अंशावरून) कळतं आजार हटतोय का. तो वेगळाच आणि वाईट प्रकार, तुमच्याकडे नाही.

भीमाकाठ
टिंब आहे! दुसऱ्या रेडिओलॉजिस्टनी फिल्म मोठी करून दाखवलं, मलाही दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. पहिल्या रिपोर्टमध्ये ते लिहिलंच नव्हतं. आधीच लिहिलं असतं तर सुई वाचली असती का हा प्रश्न आता मनातच ठेवतो.

डोळ्यांच्या डॉक्टरनी पडदा तपासला (आत अळी असेल तर औषधानं डोळा जाऊ शकतो म्हणाले), तो साफ निघाला. कालपासून स्टेरॉइड आणि अल्बेंडाझोल, फिटची गोळी चालूच, सहा महिन्यांनी परत एमआरआय. बाईक बंद. ताप उतरलाय, तरी टीबीसाठी लक्ष ठेवायला सांगितलंय. रूमवरच्या तिघांची आणि मेसवाल्या मामांची संडास तपासायला सांगितली आहे, मामा चिडलेत पण तयार झाले.

कडूनिंब
मामांना सांगा एका दिवसाचं सॅम्पल पुरत नाही, जंताचे तुकडे आणि अंडी रोज पडतात असं नाही, दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचं द्या. निघालंच तर साधं औषध आहे, नोकरी जात नाही.

भीमाकाठ
सांगतो. आत्यानं आता नवीन काढलंय, फिटची गोळी चालू असताना मुलगी बघायला जायचं का म्हणून. त्यासाठी वेगळा धागा काढतो.